‘घावली’, ‘मिळाली’ आणि ‘भेटली’

पाटण-जावळीकडच्या कुठल्याही गावात जा, त्या गावाचा एखादा तुकडा मुंबईत घोडपदेव, लालबाग, परळ या पट्ट्यात असायचाच. गिरणी, गोदी आणि माथाडी हमाली या तीन कामांनी आपली माणसं तिकडं नेली. गावानं मिळून गाळा घ्यायचा, पाळीपाळीनं त्यात पाठ टेकायची, जेवायला खानावळ, असा तो संसार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ जण वळकटी घेऊन गावी परतले. पोरं मात्र मागं राहिली. आता नातवंडं पुरती तिकडचीच आहेत. यात्रेला घर भरलं की एकाच ओसरीवर तीन तऱ्हेची मराठी ऐकू येते आणि दुसऱ्या दिवसापासून कुरबूर सुरू होते.

म्हाताऱ्यांची तक्रार ठरलेली. पोरांना बोलायची रीत नाही. ‘तो मला म्हणाला’ असं न म्हणता ‘तो मला बोलला’ म्हणतात. ‘मला मदत कर’ची ‘माझी मदत कर’ झाली. आणि सगळ्यांत डोक्यात जाणारं म्हणजे ‘एसटी भेटली का?’ माणूस भेटतो, वस्तू मिळते, हे सांगून मास्तरलोक थकले. मास्तरांचं खरं आहे. हिंदीत ‘मिलना’ दोन्हीकडं चालतं, तेच वळण मुंबईच्या मराठीत आलं असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

पण मंडळी, ओसरीवर बसून नातवाला हटकणारे आजोबा तरी ‘मिळाली’ कधी म्हणत होते? ते म्हणायचे, ‘गाडी घावली का रं?’ घाटावर ‘घावली’, तळकोकणात ‘गावली’. घोडपदेवला ही दोन्ही माणसं एकाच जिन्यानं वर-खाली करत राहिली, एकमेकांना घाटी आणि कोकण्या म्हणून चिडवत राहिली. पोर शाळेत ‘घावली’ बोललं की वर्ग हसायचा, मग ते घरी येऊन आईलाच दुरुस्त करायचं. ‘न्हाई’, ‘पानी’, ‘कुटं’ यांचंही तसंच झालं. तेव्हा ‘घावली’ गेली याचं खापर नातवावर फोडू नका. तिची लाज वाटायला सुरुवात त्याच्या बापाच्याही आधी झाली होती.

शुद्ध-अशुद्धाचं म्हणाल, तर गावात ‘डूटी’, ‘टायम’, ‘जाबर’ हे शब्द गिरणीतून आजोबांनीच आणले. पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांचे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसीच्या जागी संस्कृत शब्द योजले, तरी आपली जमीन, महसूल, वारस आणि तहसीलदार जिथल्या तिथं आहेत. १९६५ साली भाऊ पाध्ये यांचं ‘वासूनाका’ आलं, त्यात मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची बोली जशीच्या तशी होती. आचार्य अत्र्यांनी त्यावर आसूड ओढला. ती पोरं आज असती तर ऐंशीच्या घरात असती, आणि बहुधा नातवाच्या ‘ब्रो’वर चिडत बसली असती.

गंमत अशी की २०१६ साली ‘सैराट’ आला आणि करमाळ्याकडची बोली शहरातल्या पोरांच्या तोंडी बसली. ‘लय भारी’, ‘नाद खुळा’ आता मुंबईत ऐटीत म्हणतात. आजोबांना ज्या बोलण्यापायी लोक हसले, ते नातू हौसेनं बोलतो. मात्र खुद्द आजोबा बोलायला लागले की त्याला मोबाईल आठवतो.

मोबाईलवरून सांगायचं तर खरा घोटाळा तिथंच आहे. पोरगं फोन उचलतं आणि म्हणतं, ‘हां, बोल.’ आता समोर सत्तरीतली आजी. तिची रीत वेगळी. बरं हाय का, जेवलास का, पाऊसपाणी काय म्हणतंय, असं चार पावलं चालून मग ती कामाशी येणार. ‘बोल’ म्हटलं की तिला सावकाराच्या दारात उभं केल्यासारखं होतं. थोड्या वेळानं पोरगं विचारतं, ‘बाकी काय?’ त्याच्या हिशेबी याचा अर्थ संपलं, ठेवूया. आजीला वाटतं, खरंच विचारतोय. ती उरलेलं सगळं सांगायला घेते, म्हशीपासून भावकीच्या बांधापर्यंत. तिकडं तो वैतागतो, इकडं ती हरखते. शेवटी ‘चल, ठेवतो’. आपल्याकडं निरोपाला ‘जातो’सुद्धा म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात.

पोरांची बाजूही ऐकली पाहिजे. दर वाक्याला ‘समजलं का?’ विचारणं, नाव आठवेना की ‘ते आपलं हे, त्याचं ते’ करत अर्धा तास काढणं, लोकलच्या डब्यात ‘आरं ए’ म्हणून हाळी देणं, याचा कुणालाही कंटाळा येईल. हे चालायचंच, पूर्वीही चालत होतं.

माझी काळजी निराळी आहे. आजी आजारी पडली की घोडपदेवला नेतात, कारण मोठे दवाखाने तिथून जवळ. डॉक्टर विचारतो, काय होतंय? आजीकडं शब्द ढीगभर. कळ येते आणि जाते. ठणका एका जागी घण घातल्यासारखा पडतो. सणक सर्रकन पायापर्यंत उतरते. चमक हालचाल केली की भरते. गळू पिकायला लागलं की ठुसठुसतं, पोटात मुरडा येतो. डोळ्यांपुढं अंधारी येणं वेगळं, घर फिरल्यागत घेरी येणं वेगळं. ती हे सांगायला तोंड उघडते तोवर नातू पुढं होऊन म्हणतो, ‘तिला पेन होतंय.’ झालं. डॉक्टरला ज्यावरून रोगाचा माग लागायचा, ते सगळं त्या एका शब्दाखाली गडप. नातवाची माया कमी नसते, त्याच्याकडं शब्दच तेवढा असतो.

शेतीचंही तेच. सात-बाऱ्यावर नाव मुंबईच्या पोराचं, ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं फोनवर. ‘वाफसा आलाय का?’ एवढं विचारता आलं नाही तर ओल्या रानात नांगर घालून ढेकळं निघतात आणि भाडं द्यायचं ते द्यावंच लागतं.

म्हणून ‘बोलला’ आणि ‘भेटली’वरून ओसरीवर जी भांडणं होतात, ती थोडी बाजूला ठेवावीत. बोलू दे पोरांना. त्याच सुट्टीत त्यांना रानात नेऊन मूठभर माती दाबून वाफसा दाखवायला काय हरकत आहे? आणि दवाखान्यात नातवानं गप्प बसावं, आजीला बोलू द्यावं. पुष्कळदा समोरचा डॉक्टरही घाटावरच्याच कुणाचा तरी मुलगा निघतो, त्याला सणक म्हणजे काय ते कळतं.