सौर बंब आणि घड्याळ

पहाटे उठून बंब पेटविण्याचें काम आपल्या घरांत बहुधा स्त्रियांच्याच वांट्यास येत असे. आतां पुण्यासारख्या शहरांतून अनेक गच्च्यांवर सौर बंब आले आणि धूर व राख हीं दोन्ही गेलीं. परंतु आषाढांत सलग चार दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं, कीं टाकींतील विजेचा हीटर लावावा लागतो; आणि त्याचें बटण दाबण्यास पहाटे उठते ती पुन्हां सूनबाईच!

कांहीं घरीं यावर उपाय म्हणून हें बटण अहोरात्र चालू ठेवितात. हा उपाय कसा फसतो, तें पाहण्यासारखें आहे. सकाळीं आठापर्यंत मंडळींचीं स्नानें उरकतात. जितकें ऊन पाणी खर्च होतें, तितकेंच थंड पाणी टाकींत येतें. तें येतांच थर्मोस्टॅट हीटर सुरू करतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें ४.७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटचा हीटर तें काम अडीच तासांच्या आंत संपवितो. म्हणजे साडेदहाच्या सुमारास पाणी तयार, आणि सूर्य माथ्यावर येतो तों त्यास कामच उरत नाहीं! शास्त्रकार ज्यास पिष्टपेषण म्हणतात तें हेंच. फुकटच्या उन्हाचें काम आपण पैसे देऊन विजेकडून करून घेतों.

म्हणून हीटरला टायमर जोडावा, असें आम्ही सुचवितों. पहिलें स्नान सहा वाजतां असेल, तर हीटरची वेळ साडेतीन ते सहा ठेवावी. पाणी अधिक लागत असल्यास त्या मानानें अगोदर. सायंकाळीं तापविलेलें पाणी रात्रभर निवत राहतें, यास्तव पहाटच बरी. सहानंतर टायमर दिवसभर वीज बंद ठेवील व टाकी सूर्याच्या स्वाधीन राहील. थर्मोस्टॅट मात्र काढूं नये. टायमरला वेळ कळते, उष्णता कळत नाहीं.

दोन सूचना. २ किलोवॉटचा हीटर सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून टायमर १६ अँपिअरचाच घ्यावा आणि अर्थिंग तपासून जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. तसेंच, वीज जातांच चक्राचा टायमर थांबतो व तितकाच मागें पडतो. बॅटरीचा घेतल्यास ही अडचण नाहीं. नाहींपेक्षां त्याची वेळ वरचेवर पाहावी.

आतां राहिलें आभाळ. तें कोणत्याच टायमरला दिसत नाहीं. उन्हाच्या दिवसांत हीटरचें मुख्य बटण बंद असावें. ढगाळ दिवशीं तें सायंकाळीं लावून ठेवावें, म्हणजे पुढचें काम टायमर करील. सायंकाळीं फिरून येतांना आभाळ न्याहाळण्यास आम्हां निवृत्त मंडळींइतकी सवड दुसऱ्या कोणास आहे? बटणाचें हें काम घरांतील आजोबांनीं आपणाकडे घ्यावें. विजेचे चार पैसे वांचतीलच. परंतु पावसाळ्यांत सूनबाईस पहाटेची तासभर झोप मिळेल, तिचें मोल त्याहून अधिक आहे.