गुणांचा तराजू आणि मातृभाषा

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या दक्षिण तीरावर वोडोंगा व उत्तर तीरावर ऑल्बरी अशी दोन शहरे आहेत. वोडोंगा व्हिक्टोरिया राज्यात मोडते, ऑल्बरी न्यू साउथ वेल्समध्ये. मधला पूल ओलांडला की बारावीची परीक्षा बदलते आणि परीक्षेबरोबर मुलाच्या मातृभाषेचे मोलही बदलते. राज्याची सीमारेषा घरातल्या पोराच्या पाटीपर्यंत कशी येऊन पोहोचते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच या परमुलखातील प्रकरणाकडे त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

दोन्ही राज्यांत शालेय शिक्षणाच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती एक आकडा पडतो. त्यास 'एटार' म्हणतात. तो टक्केवारी नव्हे. आपल्या वयाच्या मुलांत आपण कोठे उभे आहोत हे दाखविणारा तो क्रमदर्शक आहे. त्याची कमाल मर्यादा ९९.९५. आता इतिहासातील ८० गुण आणि भौतिकशास्त्रातील ८० गुण एका मापाने कसे मोजावयाचे? त्यासाठी 'स्केलिंग' योजले आहे. एखादा विषय घेणाऱ्या मुलांची इतर विषयांतील कामगिरी पाहावयाची आणि त्या मानाने या विषयाचे गुण चढवावयाचे किंवा उतरवावयाचे. विषयांतर्गत क्रम तसाच राहतो. हिशेबात लबाडी नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

परंतु हा हिशेब विषयाची योग्यता मोजीत नाही, त्या वर्गात कोण बसले आहे ते मोजतो. हा भेद पालकांच्या ध्यानी येत नाही. दहावीतला मुलगा अकरावीचे विषय ठरवू लागला की मागील वर्षाचा तक्ता पुढे येतो आणि 'चढणाऱ्या' विषयांकडे धाव सुरू होते. तक्त्यातील सरासरी ही वर्गाची असते. त्या वर्गाच्या तळाशी बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये प्रवेशाचे काम पाहणारी संस्था, तक्ता पाहून विषय निवडू नका, असे स्वतःच बजावते. पण बाजारात भाव लावून ठेवावयाचे आणि गिऱ्हाइकाने ते वाचू नयेत म्हणावयाचे, यास काय म्हणावे!

खरा अन्याय भाषांच्या बाबतीत दिसतो. न्यू साउथ वेल्समध्ये लॅटिन व फ्रेंच यांचे गुण चांगले चढतात. अरबीसारख्या स्थलांतरितांच्या भाषेचे तसे चढत नाहीत. अरबी सोपी म्हणून नव्हे. ती घेणारी अनेक मुले कष्टकरी वस्त्यांतून, घरी इंग्रजीचा आधार नसलेल्या कुटुंबांतून येतात. इंग्रजी तर सर्वांस सक्तीचे. इतर विषयांत ती मागे पडतात आणि त्याची किंमत त्यांच्या मातृभाषेला मोजावी लागते. आईची भाषा शिकून तोटाच होणार असेल, तर तो विषय सोडणाऱ्या मुलास आम्ही दोष देणार नाही.

नदीपलीकडे व्हिक्टोरियाने याच यंत्रात एक कळ बसविली आहे. तेथे प्रत्येक भाषाविषयाची स्केलिंगची सरासरी ५ ने वर उचलली जाते. प्रत्येक मुलास नेमके ५ गुण मिळतात असे नव्हे, पण भाषा शिकणारा तोट्यात जाऊ नये हा सरकारी हेतू त्यातून सफळ होतो. ही वाढ लॅटिनलाही मिळते, म्हणजे सधन शाळांचे फावते, हा आक्षेप खरा आहे. तरी एक गोष्ट सिद्ध झाली: तराजू निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी बनविला आहे आणि मनात आणले तर त्यात पारडे सावरता येते. 'गणिताचा नियम' म्हणून हात झटकणाऱ्या अधिकाऱ्यांस मरे नदीचा पूल ओलांडून पाहावयास सांगावे.

व्हिक्टोरियाच्या त्या परीक्षेत हिंदी, पंजाबी आणि तमिळ हे विषय आहेत. मराठी नाही. मेलबर्नमधील मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी मुलांना बाराखडी शिकवितात, ते कौतुकास्पदच. परंतु ही मुले सोळा वर्षांची होऊन विषयांची यादी हाती घेतील, तेव्हा तीत आपली भाषा असावी यासाठी अर्ज, पाठ्यक्रम, परीक्षक आणि पुरेसे विद्यार्थी यांची जुळवाजुळव आजच आरंभावी लागेल.