गाडीचं आभाळ

जुन्या मोटारीत मागे बसल्यावर डोक्याला कधी मऊ मऊ काही लागलंय? छताचं कापड सुटून खाली लोंबलेलं असतं ते! सावलीच्या आमच्या मामांच्या गाडीत तेच झालं होतं. मामांनी टाचण्या टोचून काम भागवलं. पण एकदा मूलहून येताना वारा शिरला, कापड फुगलं आणि आरसाच झाकला गेला. मागचा ट्रक मामांना दिसलाच नाही. थोडक्यात वाचलो! गाडी कडेला घेऊन मामा बराच वेळ गप्प बसले.

तुम्ही म्हणाल, गोंद लावायचा की झालं! मीही तेच म्हणालो. पण कापडाच्या मागे बोट फिरवून पाहा बरं. बोटाला पिवळट भुकटी लागते. हा पॉलियुरेथेनच्या स्पंजचा थर. 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ शोधला. ऊन आणि दमट हवा यांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या वर्षानुवर्षं तुटत जातात आणि शेवटी पीठ होतं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो, आणि उन्हातली बंद गाडी त्याहूनही तापते. मग धानाचा पावसाळा. गावाचं नाव सावली, पण गाडीला सावली कुठली? आता सांगा, पिठावर गोंद चिकटेल कसा?

म्हणून खरं काम खरवडण्याचं. दिवा, झडपा, हातकड्या काढून छताचा पुठ्ठा बाहेर अंगणात आणला. कापड ओढून काढलं. मग नाकाला रुमाल बांधून आम्ही ब्रशने सगळी भुकटी झाडली. सकाळ गेली, हात दुखले! पुठ्ठा मात्र मोडू द्यायचा नाही.

नवं कापड पाठीला स्पंज असलेलंच घ्यावं. उष्णता सोसणारं रबरी सोल्यूशन पुठ्ठ्याला आणि कापडालाही लावायचं, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर आतला द्रव उडून जात नाही आणि फुगे येतात. मग मधून कडेकडे तळहाताने दाबत जायचं. त्याची वाफ पेट घेते नि डोकंही चढवते, म्हणून हे काम मोठ्यांचं आणि मोकळ्या हवेतलं. छताच्या कडेला एअरबॅग असलेली गाडी असेल, तर थेट कारागिराकडेच न्यावी.

मामा आता गाडी चिंचेखाली लावतात. टपावर पाखरांची घाण पडते, म्हणून आजी रोज कुरकुरते.