पडदा रंगवणारा नुसता रंगारी?

संगीत नाटक गळ्यावर चालले, मागचे पडदे निव्वळ शोभेचे आणि ते रंगवणारे रंगारी. खरा नेपथ्यकार मराठीत आला तो स्वातंत्र्यानंतर, असे अजूनही ऐकवले जाते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची कारकीर्द पाहिली की हे मत टिकत नाही.

बाबूरावांचा जन्म १८९०चा, कारागिराच्या घरातला; मूळ आडनाव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनीसाठी, बालगंधर्वांसाठी पडदे रंगवले. भल्यामोठ्या कापडावर महालाची कमान अशी काढायची, की शेवटच्या रांगेतल्यालाही तिची खोली जाणवावी. शिवाय गावोगावच्या प्रवासात पडदा गुंडाळला-उलगडला तरी चित्र बिघडता कामा नये. हे काम निव्वळ कुंचला फिरवून होत नाही.

एकच जंगल आणि एकच राजवाडा चार नाटकांना चालवत, हा आक्षेप खोटा नाही. पण तो कंपनीच्या थैलीचा हिशेब! बाबूरावांच्याच वयाचा लंडनचा नेपथ्यकार क्लॉड लव्हॅट फ्रेझर पाहा. १९२० साली ‘द बेगर्स ऑपेरा’ त्याने एकाच कायम दृश्यावर उभा केला, वेशभूषाही त्याचीच. खर्चाची ओढाताण तिथेही होतीच. तरी इंग्रजांनी त्याला रंगारी म्हटले नाही; मग आपणच आपल्या माणसाला का म्हणावे?

त्याच १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांवर भागवण्याऐवजी त्यांनी घनाकार देखावे उभारले. दामले आणि फत्तेलाल हे चित्रपटकार त्यांच्याच हाताखाली घडले आणि १९२९ साली ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीच्या संस्थापकांत सामील झाले. ज्या नजरेने बाबूरावांनी नाटकाचा महाल रंगवला, तीच नजर पुढे सिनेमाचा महाल बांधत होती.

इकडे रंगभूमीही थांबली नव्हती. १९२२ मध्ये ‘ललितकलादर्श’ने मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नाटक केले, तेव्हा पु. श्री. काळ्यांनी खोलीसारख्या भिंतींचा बॉक्स सेट उभा केला. म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षे आधी!

तेव्हा काष्टीसारख्या बाजारच्या गावात उत्सवी नाटकांचा एखादा जुना पडदा माळ्यावर पडला असेल, तर तो धान्य झाकायला काढू नका. आधी उलगडून पाहा, कोपऱ्यात पेंटरची सही असेल.