वेळापत्रक विद्यार्थ्याचे, तास रुग्णालयाचे

रायपूर : गोल बाजारातील दुकाने रात्री बंद होतात, तेव्हा तेथून फार दूर नसलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात निवासी डॉक्टरांचे काम सुरूच असते. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून येणारे रुग्ण या रुग्णालयाला आजही 'मेकाहारा' याच नावाने ओळखतात. त्याच्याशी संलग्न असलेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'वेळेचे नियोजन करा' असा उपदेश सर्वत्र केला जातो. शरीररचनाशास्त्राच्या अवाढव्य ग्रंथाशी झुंजणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो उपयोगी पडतो. तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थितीची अट पाळूनही संध्याकाळ त्याच्या हाती उरते. आंतरवासितेच्या वर्षात मात्र वॉर्डातील पाळ्या आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी एकमेकींचे तास खाऊ लागतात. पुढे निवासी डॉक्टर झाल्यावर नियोजनासाठी स्वतःचा वेळच फारसा राहत नाही.

याबाबत नियम नाहीत असे नव्हे. निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक आणि आठवड्यात ४८ तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजीच्या निर्देशात म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत साप्ताहिक सुटीची तरतूद आहे. परंतु कामाचे तास 'वाजवी' असावेत, एवढेच त्यात सांगितले आहे. आकडा नाही. वाजवी म्हणजे किती, हे मग विभागप्रमुखच ठरवणार!

आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. १९९२ चे ४८ तास समोर ठेवल्यास ही सुधारणा म्हणावी की माघार, असा प्रश्न पडतो. कृतिदलाच्या पाहणीत सुमारे ४५ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करीत असल्याचे सांगितले, तर निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. २७.८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदविले.

अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन या तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. तेथे देशभर ८० तासांची मर्यादा लागू होण्यास २००३ उजाडले. ती चर्चा रुग्णाच्या सुरक्षिततेपासून सुरू झाली. आपल्याकडे मात्र हा विषय अजूनही विद्यार्थ्यांच्या चिकाटीचा मानला जातो.

तास कमी करायचे तर रिकाम्या होणाऱ्या पाळीला दुसरा डॉक्टर लागेल. राज्य शासनाच्या रुग्णालयात ते पद मंजूर करणे आणि भरणे हे शासनाचे काम आहे. विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात त्यासाठी रकाना नसतो.