गोधडीचे मोल

नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील गाव. गावाच्या पूर्वेस कोंडाईबारीचा घाट आहे. दिवाळी सरली, म्हणजे या परिसरातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेकडे निघतात. त्यांच्या बिऱ्हाडात कोयते असतात, चार भांडी असतात आणि गोधड्यांचे गाठोडे असते. याच दिवसांत सुटी संपवून मुलेही वसतिगृहांकडे परततात. त्यांच्या सामानात मात्र गोधडी क्वचितच दिसते. आईने बांधून दिली, तरी पुष्कळ मुले ती घरीच ठेवून येतात. शाळेत असताना मी हे अनेकदा पाहिले आहे. “सर, मुले हसतात,” एवढेच त्यांचे उत्तर असे. मुलांचा हा संकोच लहान वाटला, तरी तो विचार करण्याजोगा आहे. आपल्या घरच्या श्रमांची लाज वाटू लागणे, ही साधी गोष्ट नव्हे.

प्रथम गोधडी म्हणजे काय, ते नीट पाहू. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या, म्हणजे माणसाच्या लांबीचे चार थर होतात. आत जुनी धोतरे, सदरे, फाटक्या चादरी पसरायच्या. विरलेल्या जागी ठिगळ द्यायचे. आणि सर्व थर धावदोऱ्याने एकत्र शिवायचे. या थरांमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. म्हणून अंगाची ऊब अंगापाशीच राहते. टाके थरांना सरकू देत नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकात आपण जो नियम शिकतो, तोच नियम आपल्या आजीने सुईच्या टोकाने सिद्ध केलेला असतो.

आता थोडे गणित करू. गोधडी 6 फूट लांब व 4 फूट रुंद आहे, टाक्यांच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर आहे आणि एका इंचात 4 टाके आहेत, असे धरा. रुंदीच्या 48 इंचांत 96 ओळी बसतील. प्रत्येक ओळ 72 इंचांची. म्हणजे एकूण 6,912 इंच शिवण झाली. टाके किती? 27,648! घरची भाकरी, पाणी, गुरे, शेत हे सारे सांभाळून, दुपारच्या उरल्या वेळात एका बाईने हे टाके घातलेले असतात. ज्या वस्तूत सत्तावीस हजारांहून अधिक वेळा सुई वरखाली झाली, तिला ‘चिंध्यांचे बोचके’ म्हणणारा मनुष्य गणितात कच्चा आहे, असेच म्हटले पाहिजे.

शिवाय हे टाके कोणा अनोळखी गिऱ्हाइकासाठी नसतात. घरात मूल जन्मणार असले, म्हणजे जुन्या सुती लुगड्याचे दुपटे शिवतात. कारण अनेक धुण्यांनी मऊ झालेले सूत तान्ह्या अंगाला बोचत नाही. म्हाताऱ्या आजोबांसाठी गोधडी जाड होते, सासरी निघालेल्या लेकीसाठी तिचे काठ अधिक निगुतीने शिवले जातात. कोणते ठिगळ कोणाच्या सदऱ्याचे, हे घरातील पोरासोरांना ठाऊक असते. दुकानातील पांघरूण माप पाहून घेतात. गोधडी माणूस पाहून शिवतात.

ठिगळ ही हलकेपणाची खूण आहे, हा समजही खरा नाही. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगध देशातील शेतांच्या बांधांप्रमाणे आनंदाने त्याची आखणी केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात गाडगेमहाराज (1876-1956) ठिगळांचे वस्त्र अंगावर घालून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेमहाराजही म्हणत. त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा व वसतिगृहे उभी राहिली. आपल्याकडची गोधडी, दक्षिण महाराष्ट्रातील वाकळ, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली या सख्ख्या बहिणीच होत. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि 2006 साली त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. ज्यांनी त्या शिवल्या, त्यांनी त्या थंडीसाठी शिवल्या होत्या. सौंदर्य त्यांत आपोआप उतरले.

यावर काही आक्षेप घेतले जातील. कोणी म्हणेल, “बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळते, मग इतका खटाटोप कशाला?” दुसरा म्हणेल, “गोधडी गरिबीतून आली. गरिबीचे कौतुक करू नये.” दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला गोधडीची थोरवी ऐकवू नये. त्याला पांघरूण द्यावे. ऊसतोडीच्या तळावर उघड्यावर निजणाऱ्या लेकरांना गोधडीबरोबर चांगला निवाराही मिळालाच पाहिजे. परंतु गरिबीची लाज वेगळी आणि गरिबीत दाखविलेल्या हिकमतीची लाज वेगळी. पहिलीचे कारण समाजाने दूर करावे. दुसरीला तर कारणच नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे, की स्वस्त वस्तूची सगळी किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसते. एक किलो सुती कापड तयार होण्यास, कापूस पिकविण्यापासून धरून, जगात सरासरी सुमारे 10,000 लिटर पाणी लागते, असा जलतज्ज्ञांचा अंदाज आहे. इतके पाणी प्यालेले कापड वर्षा-दोन वर्षांत उकिरड्यावर टाकणे हे शहाणपण नव्हे. आमच्या खानदेशात कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आता घरोघरी सुती लुगडी कमी आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या फार. हे कापड टिकाऊ असते, लवकर वाळते. परंतु ते घाम नीट शोषत नाही, आणि चुलीच्या जाळाजवळ गेल्यास वितळून अंगाला चिकटते. म्हणून लहान मुलांसाठी गोधडी शिवताना सुती तुकडे निवडून वेगळे काढावेत. जुन्या रीतीचा मान राखायचा, तो डोळे उघडे ठेवून.

विद्यार्थिमित्रांनो, गोधडीचे नुसते गुणगान करून तिचे मोल राखले जाणार नाही. शिवण्याचे काम बायकांचे, असे म्हणून मुलग्यांनी अंग काढून घेऊ नये. सुईला स्त्री-पुरुष हा भेद कळत नाही, शिंप्याने तो कधी मानला नाही. आजीची नजर मंद झाली असेल, तर तिच्या सुईत दोरा ओवून द्या आणि पहिल्या चार ओळी तिच्याकडून शिका. धाकट्या भावंडासाठी एक लहानसे दुपटे स्वतः शिवा. दुसऱ्याच्या हातची गोधडी विकत घेण्याचा प्रसंग आला, तर किमतीसाठी घासाघीस करण्यापूर्वी तिचे टाके मोजा. आणि वसतिगृहाला जाताना आईने दिलेली गोधडी बरोबर न्या. कोणी हसले, तर त्याला जवळ बसवून वरचे गणित करावयास सांगा.