घरच तुटलं तर दाखला कुणाचा?

माझा एक वर्गमित्र शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होता. मार्क चांगले होते, मुदतही होती. अडलं ते वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. याला मुलगे आवडतात हे घरी कळलं, त्या दिवसापासून वडील बोलत नाहीत, खर्चाला पैसे देत नाहीत. कागदावर मात्र तो अजून त्यांच्याच मिळकतीवर जगतो! फॉर्म तसाच राहिला. आता तो संध्याकाळी खडेबाजारातल्या एका दुकानात काम करून फी भरतो.

राज्यशास्त्रात आम्ही २०१४ चा नाल्सा निकाल शिकलो. तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना सांगितलं. २०२२ मध्ये केंद्राची 'स्माइल' योजना आली. त्यात नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत तृतीयपंथी विद्यार्थ्यांना वर्षाला १३,५०० रुपये आहेत. म्हणजे महिन्याला ११२५. खोलीभाडं आणि मेस धरली तर ते कुठे पुरणार? तरी निदान सुरुवात झाली. पण गे, लेस्बियन मुलामुलींना त्यात जागा नाही. २०१८ च्या ३७७ कलमाच्या निकालाने त्यांच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण कॉलेजची फी कोण भरणार?

तुम्ही म्हणाल, मग आता कोण कुणावर प्रेम करतं याचाही दाखला काढायचा का? अजिबात नको. तसा दाखला मागणं हाच अन्याय होईल. निकष एकच ठेवा : घराचा आधार तुटलाय का? ते प्राचार्यांनी किंवा हॉस्टेलच्या वॉर्डननी लिहून द्यावं, कारण विचारू नये आणि घरी पत्र पाठवू नये. नको असलेलं लग्न मोडून निघालेल्या मुलीलाही याचा उपयोग होईल.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या भागातली मंडळं, पतसंस्था, ट्रस्टही दरवर्षी होतकरू मुलांना मदत करतात. त्यांच्या फॉर्मवर 'पालकांची सही' असते तिथे 'पालकांची किंवा प्राचार्यांची' एवढे दोन शब्द वाढवायला कुठला जीआर लागत नाही. एका कागदासाठी कचेरीत खेटे घालणं काय असतं, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मग आपल्याच पोराला आपण तरी परत का पाठवायचं?